बाळकाका इंजिन रूममध्ये

...अहो, पण माणसानं ऐकायला नको? डॉक्टरांनी नौपाड्यातल्या दवाखान्यात टेबलावर बोट आपटून सांगितलेलं, "काका, अँजिओप्लास्टीला तीनच महिने झालेत, सपाट रस्त्यावर हवं तितकं चाला, शिड्या नकोत!" आता बहात्तराव्या वर्षी साधा माणूस कशाला शिडीच्या वाटेला जाईल? पण तुम्हाला सांगतो, कल्याणच्या खाडीकाठी ती जुनी युद्धनौका आणून उभी केली, तिचं म्युझियम केलं, पेपरात फोटो आला, आणि बाळकाका गुप्ते हातातला चहा तसाच ठेवून उठले. "नीला! अगं, ही माझी बोट!"

माझी म्हणजे काय, तर पंधरा वर्षं नौदलात, त्यातली पाच ह्या बोटीच्या इंजिन रूममध्ये. त्या इंजिनानं कान नेले ते नेलेच. तेव्हापासून काका जेवताना मीठ मागतात तेसुद्धा वादळात हाक मारल्यासारखं!

नीलाकाकूंनी निघतानाच बजावलं, "हे बघा, डेकवर उभं राहायचं, फोटो काढायचा, परत फिरायचं." काका म्हणाले, "हो हो!" आणि 'हो हो' म्हणजे ऐकूच आलेलं नाही, हे सत्तेचाळीस वर्षं संसार करून काकूंना कळायला नको? पण माणसानं मुळात ऐकायला नको?

झालं असं, की काकू बाकावर टेकल्या, पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले, मान वळवली... काका गायब! तोफेपाशी नाहीत. सुकाणूपाशी नाहीत. सेल्फीवाल्या गर्दीत नाहीत. गार्ड सखाराम म्हणाला, "मावशी, असतील इथंच, बोट काय चालू हाय का जायाला?" बोट नाही हो, पण काका चालू आहेत ना! काकूंचे पाय भराभर पडायला लागले, अन् मागच्या बाजूला एक साखळी, 'प्रवेश बंद'ची पाटी, पाटीमागे चौकोनी भोक, अंधारात उतरणारी उभी शिडी... आणि भोकाच्या कडेला नीट घडी केलेला रुमाल, त्यावर काकांच्या कानातलं मशीन.

"अहो!" काकूंनी भोकात वाकून हाक मारली. "अहोऽऽ!" त्यांचाच आवाज लोखंडावर आपटून वर आला.

"मावशी, खाली जाव नका, खाली लायटी नाय, मी साहेबांना फोन लावतो!"

"लावा तुम्ही फोन," काकू म्हणाल्या, मशीन रुमालासकट ब्लाऊजमध्ये खोचलं, पदर कमरेला आवळला आणि पाठमोऱ्या वळल्या. पंखा पुसायला स्टुलावर न चढणारी ही बाई! वल्लरी नावाची कॉलेजातली एक मुलगी धावत आली, "आजी, मी टॉर्च धरते, पण नका ना जाऊ!" एक पायरी... दुसरी... पाय पुढची पायरी शोधतोय, ती सापडत नाही, तळवे घामानं निसटतायत, आणि खालून काही म्हणजे काही आवाज नाही.

टॉर्चच्या उजेडात काका दिसले. जमिनीवर, इंजिनाला पाठ टेकून. डोळे मिटलेले. एक हात लोखंडावर. तुम्हाला सांगतो, काकूंना तीन पावलं टाकवेनात. टाकली. गालाला हात लावला... गरम!

"आलीस?" काका वादळातल्या आवाजात. "हे बघ माझं इंजिन!"

काकूंनी आधी दंडावर एक चापट मारली, मग रडल्या, मग मशीन त्यांच्या कानात कोंबलं. "छातीत दुखतंय?"

"नाही गं. गुडघा धरलाय, उठता येईना. म्हटलं, येईलच कोणीतरी."

काकूंनी सुस्कारा टाकला. मग बाजूच्या दाराआड त्यांना एकावर एक तीन अरुंद फळ्या दिसल्या. "हे काय, सामान ठेवायला?"

"मधली माझी. झोपायचो तिथं."

"इथं? पत्रात तर ऐसपैस खोली होती! खिडकीतून समुद्र दिसायचा!"

काका चक्क हळू आवाजात म्हणाले, "आणि तुझ्या पत्रात माझी आई तुझे लाड करायची. मला ताईनं सांगितलं नंतर. दुपारी पाठ टेकू द्यायची नाही तुला."

काकू काकांशेजारी, त्या काळ्याकुट्ट जमिनीवर, चांगल्या साडीनिशी बसल्या.

मग सखाराम आणि दोघं दोर घेऊन उतरले, काखेत दोर घालून आधी काकूंना काढलं, मग काकांना. वर म्युझियमचे साहेब हजर! काकूंना वाटलं, आता हा ओरडणार. ओरडलाच तो, चांगला पाच मिनिटं. काका खुर्चीत बसून पाणी पीत होते. साहेब दमल्यावर वल्लरीनं सहज विचारलं, "आजोबा, हे इंजिन सुरू कसं करायचे?" संपलं! वादळी आवाज सुटला, बघता बघता चाळीस माणसं गोळा, साहेबसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकतायत. शेवटी तेच हळूच म्हणाले, "काका, दर रविवारी याल? इथंच, वरती, खुर्चीत बसून सांगायला?"

"येतो!" काका म्हणाले. हे बरं पहिल्या झटक्यात ऐकू आलं!

काकूंनी समजावलं, डॉक्टरांना फोन करून समजवायला लावलं. पण माणसानं ऐकायला नको? मग काय, आता दर रविवारी काका डेकवर गोष्टी सांगतात, आणि नीलाकाकू त्या भोकाच्या बरोब्बर तोंडावर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसून राहतात. दुसरं करणार काय?