उणे टाके

आई: राहू दे आता. डावीकडची फुलं परत गायब. संध्याकाळी भंगारवाला विणयंत्र न्यायला येतोय, मी त्याला हो म्हणून बसलेय.

लेक: मला न विचारता?

आई: यंत्र माझं आहे. त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर जळाला, तेव्हाच विषय संपला. माझा प्रोग्राम ज्या भाषेत आहे, ती चालायची फक्त त्याच्यावर. कंपनी तर कधीच बुडाली.

लेक: म्हणून तर ती भाषा मी लॅपटॉपसाठी नव्याने लिहिली. तुझं एक अक्षरही बदलायला लागू नये म्हणून.

आई: लिहिलीस गं. पण उजवी बाजू झक्क आणि डावी कोरी, असा स्वेटर घालणार कोण?

लेक: तुझ्या प्रोग्राममध्येच काहीतरी...

आई: खबरदार. तू बोबडं बोलायचीस तेव्हापासून फुलं काढतोय तो.

लेक: बरं बाई. कोरी म्हणजे अगदी कोरी?

आई: अगदी नाही. दर आठवा टाका बरोबर पडतो. नीट बघ की.

लेक: आठवा? फूल किती टाक्यांचं?

आई: आठच. शून्य ते सात असे नंबर दिलेत.

लेक: आणि टाके मोजतेस कुठून?

आई: मधला शून्य. उजवीकडे एक, दोन, तीन. डावीकडचे सगळे उणे.

लेक: थांब थांब. उणे तीनला आठाने भागलं, तर बाकी काय?

आई: पाच. शून्याच्या डावीकडे सात, सहा, पाच असंच जातं फूल.

लेक: त्या भाषेच्या पुस्तकात उणे तीन दिलीय. मी पुस्तकाबरहुकूम केलं.

आई: अगं, उणे तीन नंबरचा टाका माझ्या फुलात नाहीच.

लेक: म्हणून तर कोरं राहतंय. आठव्याला बाकी शून्य, तेवढाच बरोबर. म्हणजे तुझा कॉम्प्युटर पाचच धरायचा, स्वतःच्या पुस्तकाचंसुद्धा ऐकत नव्हता.

आई: पुस्तक मी उघडलंय कधी? करून बघायचं, फूल जमलं की पुढे.

लेक: आता त्यांची चूक मला मुद्दाम करावी लागणार.

आई: चूक कशाला म्हणतेस?

लेक: बरं, खोड म्हणते. बदलली बघ ओळ. कर सुरू.

(यंत्र खडखडतं, बराच वेळ. मग थांबतं.)

लेक: काय झालं? बोल ना.

आई: आली गं. डावीकडचीही आली. मी आशाच सोडली होती.

लेक: रडतेस काय?

आई: मग काय करू? इतके दिवस नुसती तुझी उणीदुणी काढली मी.

लेक: त्यातली उणीच कामी आली.

आई: पुरे. फोन दे इकडे.

लेक: भंगारवाल्याला?

आई: हो. म्हणावं, जळका कॉम्प्युटर तेवढा ने. आणि तू उठू नकोस. नऊ टाक्यांचं एक फूल कधीचं डोक्यात आहे माझ्या.