बैलाच्या गळ्यातला समुद्र

शिकलेल्या माणसांशी माझं जमत न्हाई, पण एकाला मी लय मानतो. निजाम गेल्यावर आमी पिंगळीला विहीर खंदायलो होतो, तर काळ्या दगडाखाली पांढरी माती लागली. खडक तपासणारा एक साहेब आला. म्हणला, "यात समुद्रातले बारीक शिंपले सापडले, तर दगडाचं वय कळेल. माझं नाव होईल."

आठ दिवस त्यानं भिंगाला डोळा लावला. घावल्या त्या नुसत्या तळ्यातल्या गोगलगायी. मला कीव आली. कवडी बी समुद्रातलीच, म्हणून बैलाच्या माळेतल्या दोन कवड्या कुटून मी मातीत मिसळल्या.

साहेब भिंगातून बघून हसला. "पाटील, समुद्रात सुताचा धागा कुठून आला?"

"राहू द्या की! नाव तर होईल."

त्यानं वहीत तळंच लिहिलं. मग सेलूहून दोन कवड्या आणून स्वतः बैलाच्या गळ्यात बांधल्या. म्हणला, "तुमचा समुद्र जिथला तिथं."