वेलजीभाईंची कंबर आणि प्रागजीभाईंचा झोपाळा

विषय : आरोपी आजारी असल्यामुळे फौजदारी खटल्याची तारीख पुढे ढकलण्याबाबत.

संदर्भ : आरोपीचा अर्ज, सोबत डॉक्टरांचा दाखला. त्याआधीचा अर्ज, सोबत दाखला. त्याच्याही आधीचा...

जाऊ द्या, संदर्भ संपायचे नाहीत. तुम्हाला सांगतो, आमचं घराणं गायकवाडांच्या अमलापासून या अमरेलीकडच्या मुलखात, माझी अख्खी नोकरी खाखरापरच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली, खुनाचे खटले बघितले, बांधावरच्या मारामाऱ्या बघितल्या, पण या झोपाळ्याच्या खटल्यानं जेवढं डोकं खाल्लं तेवढं कुणी नाही, आणि तोंड उघडायची सोय नाही. आजारी माणसाला काय बोलणार?

खटला केवढा, तर एवढा. प्रागजीभाई कानाबार सहकुटुंब द्वारकेला गेले, आणि त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं, वेलजीभाईंनी, मागच्या दारानं शिरून ओसरीतला सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट उतरवला आणि आपल्या ओसरीत टांगला. का? तर म्हणे आजोबांचा आहे. प्रागजीभाई परत येऊन बघतात तर छताला नुसते हूक! फिर्याद झाली, पोलिसांनी झोपाळा जप्त करून आमच्या मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकवला, आणि दोघंही ‘माझा’ म्हणतात म्हणून आमच्या मॅजिस्ट्रेट वसावडासाहेबांनी हुकूम केला, निकाल लागेपर्यंत कुणालाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, लाकडाची एक फळी, त्यात काय एवढं? अहो, प्रागजीभाईंचं सगळं पचन त्या फळीवर! दुपारी जेवून झोपाळ्यावर बसायचं, पायानं हलका रेटा द्यायचा, की ढेकर येणार, की डोळा लागणार. झोपाळा गेला आणि बाजरीचा रोटला छातीशीच अडायला लागला. रळियातबेन, म्हणजे त्यांच्या घरच्या, दुपारभर त्यांना खुर्चीत बसवून मागून खुर्ची हलवायच्या. काही उपयोग नाही. गळ्यापाशी सदरा ढगळ झाला, डोळ्यांखाली काळं आलं, कोर्टात बाकावर बसल्या बसल्या नकळत पुढेमागे हलायचे. खरा आजारी कोण, सांगा! पण कायद्याला दाखला लागतो, आणि दाखला वेलजीभाईंकडे.

कारण दोषारोप आरोपीला समोर उभं करून वाचून दाखवायचा असतो, आणि वेलजीभाईंची कंबर नेमकी तारखेच्या सकाळी धरायची. वकील उठून म्हणायचे, साहेब, माझ्या अशिलाला उठबस मना आहे. साहेब दाखला वाचायचे, उसासा टाकायचे, पुढची तारीख. आजारी माणसाला काय बोलणार?

बरं, आमच्याकडे कुणी आजारी आहे असं कानावर आलं की बघायला जावंच लागतं. भाऊबंदकी असो, दावा असो, जो गेला नाही तो माणसांतून उठला. जायचं, शहाळी-मोसंबी न्यायची, खाटेशी बसायचं, आणि समोर काहीही दिसो, म्हणायचं एकच : निम्मे झालात हो! आजारी माणसाला ‘छान दिसताय’ म्हटलं तर दृष्ट लावल्यासारखं होतं. त्यामुळे वेलजीभाई खाटेवर पडून गावाची मोसंबी खाताहेत, गाल वर आलेत, बंडी पोटावर बसत नाही, आणि गाव रांगेनं येऊन सांगतंय, निम्मे झालात! साहेबांनी खात्री करायला जमादार पाठवला, तर तोही वाटेत मोसंबी घेऊन गेला आणि अहवालात लिहून आला, ‘बराच अशक्तपणा जाणवतो.’

शेवटी सरकारी वकील दवे खवळले. म्हणाले, आज पुढची तारीख द्यायला माझी हरकत आहे, आरोपी धडधाकट आहे, आणि हे खुद्द फिर्यादीच सांगेल. प्रागजीभाईंना पिंजऱ्यात उभं केलं.

“काल आरोपीला बघायला गेला होता?”

“जावंच लागतं ना साहेब. भाऊ आहे.”

“मग कसा दिसला तुम्हाला?”

प्रागजीभाईंनी मुद्देमालाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग कोर्टात जमलेल्या गावाकडे पाहिलं. गाव त्यांच्याकडे बघत होतं.

“निम्मा झालाय, साहेब.”

दव्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची तारीख. जिन्यावर रळियातबेन म्हणाल्या, “मोसंबी आपली, झोपाळा आपला, आणि साक्षसुद्धा त्यांनाच देऊन आलात?” तर हे म्हणतात, भरल्या कोर्टात आजारी माणसाला धडधाकट म्हणू? उद्या खरंच काही झालं तर गाव माझंच नाव घेईल.

आणि मग काय झालं, साहेबच तापानं पडले. म्हणजे आम्ही सगळे त्यांच्या घरी बघायला. दवे आले, आरोपीचे वकील आले, प्रागजीभाई आले, आणि इतक्यात जिन्यावर धाप्‌धाप्‌ पावलं वाजली, आणि शहाळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेऊन कोण आलं? वेलजीभाई! नाही येऊन कसं चालेल, साहेब आजारी! साहेब गंजिफ्रॉकात, तोंडात थर्मामीटर, डोळे विस्फारलेले. वेलजीभाईंनी घड उतरवला, हात जोडले, म्हणाले, “साहेब, निम्मे झालात.”

सवयीनं प्रागजीभाईंनी सरकून जागा दिली आणि विचारलं, “कंबर कशी आहे, भाई?”

“काय सांगू, बसता म्हणून येत नाही,” असं म्हणत वेलजीभाईंनी ऐसपैस मांडी घातली.

दव्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला, आरोपी ठणठणीत आहे, खुद्द साहेबांनी पाहिलंय, खटला सुरू करा. बरे होऊन आल्यावर साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, पाहिलंय ते खरं, पण मग मी साक्षीदार झालो, साक्षीदारानं खटला कसा चालवायचा? कागद जिल्हा कोर्टाला गेले. हा खटला कोणी चालवावा हे ठरवण्यासाठी जिल्ह्यानं आरोपीला समक्ष बोलावलं. आरोपीनं कळवलं की प्रवास मना आहे, सोबत दाखला. प्रागजीभाई आज सकाळीच मोसंबी घेऊन त्यांना बघायला गेले.

आजची स्थिती : झोपाळा मुद्देमालाच्या खोलीत आहे. अर्ज प्रलंबित आहे.