चौथी खाच

(ओगोवे नदीच्या काठचं गाव, समुद्रापासून होडीनं दीड दिवसावर. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, दुपार. घरामागच्या स्वयंपाकाच्या खोपटात तिघं आहेत : काळ्या कपड्यातली ओनोरीन, तिची थोरली नणंद क्लोतिल्द, आणि ओनोरीनच्या मयत नवऱ्याचे, आंगिलेचे, मामा रेतेनो.)

ओनोरीन : आणि आज?

रेतेनो : साडेसहा. सकाळी सहा होतं. वर कुठंतरी पाऊस चांगला पडतोय.

क्लोतिल्द : रोज काय विचारतेस गं तेच ते? विचारल्यानं नदी उतरते होय?

ओनोरीन : नाही उतरत, वन्सं. सवय लागलीय.

क्लोतिल्द : हिला विचारायची सवय आणि तुला सांगायची, मामा. सरकारनं मोजणी बंद करून अकरा वर्षं झाली. पगार तर त्याच्याही आधी गेला. आणि हा बाबा अजून सकाळ-संध्याकाळ त्या खांबावरच्या खाचा मोजतोय.

रेतेनो : मोजणी बंद झाली. नदी चालू आहे.

क्लोतिल्द : घे! याला बोलण्यात कोण हरवणार? ओनोरीन, तो मासा उलट, करपतोय. तुझं लक्ष कुठंय आज?

ओनोरीन : टेकडीवर जाऊन आले सकाळी. फोन लागला.

क्लोतिल्द : मग? दुपार झाली, दोन टोपल्या मासे धुराला लावून झाले, आणि आत्ता सांगतेस?

ओनोरीन : जोसियान बाळंत झाली. रविवारी पहाटे. मुलगी आहे.

रेतेनो : मुलगी. चांगलं झालं. आपल्यात वंश मुलीकडून चालतो. माझ्या आईचं घर अजून एक पिढी पुढं गेलं म्हणायचं.

क्लोतिल्द : कसलं तुझ्या आईचं, मामा? जोसियान तिच्या आईच्या घराण्याची. आपलं घराणं माझ्यापाशीच थांबलं, हे विसरलास काय?

रेतेनो : विसरलो. वय झालं.

क्लोतिल्द : जाऊ दे. वहिनी, अगं आजी झालीस तू! आणि तोंड असं का, पावसात सापडलेल्या कोंबडीसारखं?

ओनोरीन : विहीणबाईही बोलल्या फोनवर. गोडच बोलल्या. म्हणाल्या, काळं उतरलं की या खुशाल, चार महिने राहा. तोवर तान्ह्याच्या घरात काळं नको.

क्लोतिल्द : हं! पोर-जाँतीत राहून समुद्राची हवा लागली म्हणून बाई आपल्याला शिकवायला लागली.

ओनोरीन : तिचं चुकलं नाही. सासूबाईंनी मलाही हेच सांगितलं होतं. दुखवट्यातल्या बाईनं तान्ह्याला उचलायचं नाही. जोसियानच्या वेळी शेजारची विधवा बाई कुंपणाबाहेर उभी राहून तिला बघून गेली होती. मीच उभं केलं होतं तिला.

रेतेनो : तसंच आहे ते.

ओनोरीन : जुलैतच उतरलं असतं, तर आज होडीत बसले असते. ओळीनं बावीस महिने झाले, मामा.

रेतेनो : बावीस आणि सहा दिवस.

क्लोतिल्द : मग आता काय, आमच्या नावानं खडे फोडणार? कोणी अडवलं होतं? सगळं गोत आलं होतं. अकरा होड्या लागल्या होत्या काठाला. शाळा बंद, म्हणून पोरंसोरंही आली. कोरड्या ऋतूच्या थंडीत महिनाभर अंगात स्वेटर घालून शेकोटीभोवती बसले सगळे, वर ते राखेसारखं आभाळ, सूर्य नाही की पाऊस नाही. माझे तीन हंडे मासे खाल्ले. आणि समोरची वाळू उघडी पडली नाही, त्याला मी काय करू? जूनमध्येही पाऊस थांबला नाही, म्हणून नदी उतरलीच नाही.

ओनोरीन : मी तुम्हाला काही म्हटलं का, वन्सं?

क्लोतिल्द : म्हणत नाहीस, पण बघतेस.

रेतेनो : नदी उतरली होती.

क्लोतिल्द : झालं सुरू.

रेतेनो : मी तेव्हाही सांगितलं. कोणी ऐकलं नाही. यंदा वीस जुलैला पाणी चौथ्या खाचेला आलं. नऊ दिवस तिथंच होतं, मधे तर दोन बोटं खाली. चौथ्या खाचेला समोरची वाळू उघडी पडते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून पडते. तिथं विधवेला उभं करायचं, मुंडण करायचं, काळं नदीत सोडायचं. आपल्या घराची रीतच त्या खाचेवर बांधलेली आहे.

क्लोतिल्द : तुझा खांब खचला असेल. सगळ्यांनी तेच सांगितलं तुला.

रेतेनो : सगळ्यांनी सांगितलं म्हणून मी ऑगस्ट महिना खांब तपासण्यात घालवला. दोरी लावली, चर्चच्या पायरीवरून माप घेतलं. खांब बोटभरही खचलेला नाही.

ओनोरीन : मग वाळू का नाही दिसली?

रेतेनो : कारण ती तिथं नव्हती. नदीनं उचलली. गेल्या पावसाळ्यात पाण्याची धार या काठाला आली, माझ्या केळी गेल्या ना दहा-बारा, तेव्हा. पण वाळू काही साखर नाही विरघळायला. इथून गेली म्हणजे कुठंतरी बसली. एवढं मला कळायला सप्टेंबर उजाडला. आता पाणी सहाच्या वर, म्हणजे कुठं बसली ते जुलैपर्यंत कळायचं नाही.

क्लोतिल्द : मग झालं तर. जुलैत बघू. मासे काढते मी.

ओनोरीन : कासवाची अंडी.

रेतेनो : काय?

ओनोरीन : वन्संनी आणली होती. जुलै संपता संपता. पानात बांधून. मला दुखवट्यात चालत नाहीत, म्हणून तुम्हाला दिली.

रेतेनो : दिली होती. सात होती. मीच खाल्ली.

क्लोतिल्द : विकत घेतली होती. खालच्या गावच्या कोळ्याकडून.

ओनोरीन : तेव्हा म्हणालात, जाळ्याजवळ सापडली.

रेतेनो : कासव पाण्यात अंडी घालत नाही, क्लोतिल्द. चिखलातही नाही. त्याला उघडी, कोरडी वाळू लागते.

क्लोतिल्द : आता कासवाची साक्ष काढणार तुम्ही?

रेतेनो : सात अंडी चघळत मी खांबाजवळ बसलो होतो, आणि वाळू कुठं गेली याचा विचार करत होतो. मला ते कळायला हवं होतं. कुठं आहे ती?

क्लोतिल्द : ती टोपली इकडं दे, ओनोरीन.

रेतेनो : मी विचारतोय. तुझ्या आईचा भाऊ विचारतोय.

क्लोतिल्द : वळणाच्या खाली. पलीकडच्या काठाला, ती वाळलेली दोन झाडं आहेत ना, तिथं. मोठी पडली होती. या अंगणाच्या तिप्पट.

ओनोरीन : तुम्हाला माहीत होतं.

क्लोतिल्द : हो.

ओनोरीन : सगळे इथं होते तेव्हा. अकरा होड्या होत्या तेव्हा.

क्लोतिल्द : हो, हो, हो! किती वेळा वदवून घेशील?

ओनोरीन : का?

क्लोतिल्द : मासा करपतोय.

ओनोरीन : करपू दे. का, वन्सं?

क्लोतिल्द : होडीचं इंजिन होतं तिथं.

रेतेनो : कुणाचं?

क्लोतिल्द : कुणाचं म्हणजे? मी रडत बसेन असं कुणाचं इंजिन असणार, मामा? अर्धं वाळूत होतं. झाकण तेवढं वर. मी आधी म्हटलं, नदीत काय एकच इंजिन बुडालंय? पण झाकणावर ते होतं.

ओनोरीन : काय होतं?

क्लोतिल्द : तुझं नेलपॉलिश. तीन ठिपके. कोणी चोरू नये म्हणून लावायचा ना तो. एवढं पाणी वरून गेलं, दोन पावसाळे गेले, आणि ते ठिपके तसेच.

ओनोरीन : माझी बाटली संपवली होती त्यानं. ईस्टरला. मी दोन दिवस बोलले नव्हते.

रेतेनो : कोणता दिवस होता?

क्लोतिल्द : रविवार.

रेतेनो : म्हणजे दोन बोटं खाली होतं तेव्हा. आणखी काय होतं?

क्लोतिल्द : काही नाही.

रेतेनो : क्लोतिल्द.

क्लोतिल्द : खणलं नाही मी. झाकण ओढून काढलं. बाकीचं हलेना. मग गुडघे टेकून बसले आणि हात घातला. कोपरापर्यंत. खाली थंड होतं. मग काढून घेतला.

ओनोरीन : काही लागलं हाताला?

क्लोतिल्द : लागायच्या आत काढून घेतला.

ओनोरीन : तो इंजिनाजवळच असणार. ओंडका आदळला तेव्हा हात तिथंच होता त्याचा. मागच्या होडीतल्यांनी सांगितलं ना, वरून सुटून आलेला एकटा ओंडका, पाण्याखालून. त्यानं इंजिन सोडलं नाही.

रेतेनो : बावीस महिने आपण म्हणतोय, सापडला नाही.

क्लोतिल्द : सापडला असता तर काय झालं असतं, सांगू? शवपेटी आली असती. चर्चमध्ये प्रार्थना झाली असती. वाळूवर हिचं डोकं भादरलं असतं, काळं वाहून गेलं असतं, ढोल वाजले असते, सगळे जेवून आपापल्या होडीत बसले असते. आणि ही पोर-जाँतीला. मग इथं कोण? मी आणि हा म्हातारा आणि त्याचा खांब.

ओनोरीन : मी परत आले असते.

क्लोतिल्द : कशाला आली असतीस? नातीला सोडून? मी असते तर आले नसते. बहिणीला सहा महिने काळं नेसू देतात, ओनोरीन. सहा महिन्यांनी म्हणतात, बास, बाजारात जा, मासे विक, हस. मी हसले. मला चांगलं हसता येतं. पण सकाळी उठून खिडकीतून तुझं काळं वाळत घातलेलं दिसलं की वाटायचं, अजून कोणीतरी त्याची वाट बघतंय. रीतसर. ते गेलं असतं तर आंगिले खरंच मेला असता.

ओनोरीन : तो मेलाय, क्लोतिल्द.

क्लोतिल्द : नावानं हाक मारलीस.

ओनोरीन : मारली. झाकण कुठंय?

क्लोतिल्द : माझ्या खाटेखाली. गोणपाटात.

ओनोरीन : ते मला हवं.

क्लोतिल्द : आणते.

रेतेनो : आत्ता नको. बस तिथंच. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत, आणि दोन्ही वाईट आहेत. एक : ती जागा आज डोक्यावरून पाण्याखाली आहे. नदी चढतीला लागली की वाळू रोज सरकते. पुढच्या जुलैत ती वळणाखाली असेलच असं मी म्हणणार नाही.

ओनोरीन : दुसरी?

रेतेनो : काळं आज उतरवता येणार नाही.

ओनोरीन : मी विचारलं नव्हतं.

रेतेनो : विचारणार होतीस. म्हणून आधीच सांगतो. मी इथं बादलीभर पाणी ओतून 'सुटलीस' म्हणू शकतो. मामाला तेवढा अधिकार आहे. पण पाहिलं कोणी? गोत घरी गेलं, शाळा सुरू झाल्या. उद्या त्या पोरीला साधा ताप आला तरी पोर-जाँतीत तुझी विहीण म्हणेल, खोपटात उरकून आली आणि लेकराला हात लावला. आयुष्यभर म्हणेल. तूही मनातून म्हणशील.

ओनोरीन : म्हणेन.

क्लोतिल्द : मी जाते. उद्याच्या होडीनं जाते पोर-जाँतीला. तुझ्या विहिणीसमोर उभी राहून सांगते की सगळं माझ्यामुळं झालं.

ओनोरीन : त्यानं काय होईल?

क्लोतिल्द : मग मला शिव्या दे! थोबाडीत मार! ही अशी बसू नकोस मासा चाळवत.

ओनोरीन : जा तुम्ही. उद्याच जा. तुम्हाला कोण अडवणार आहे? तुमच्या अंगावर फुलाफुलांचं आहे. बाळाला घ्या मांडीवर.

क्लोतिल्द : कोणत्या हातानं घेऊ? याच?

ओनोरीन : याच. आणि नीट बघून या. जोसियानला फोनवर नीट सांगता येत नाही. कपाळ कुणाचं आहे, कान त्याच्यासारखे बाहेर आलेत का, ते बघा. आणि तेलाचं सांगा तिला, पामतेल नको, खोबऱ्याचं लावायचं. ही अर्धी टोपली मासे न्या. हा करपलेला वगळून.

क्लोतिल्द : ओनोरीन…

ओनोरीन : आज मला वहिनी म्हणू नका की ओनोरीन म्हणू नका. मासे बांधा.

क्लोतिल्द : बांधते. पानं कुठं आहेत?

ओनोरीन : तुमच्या मागं. मामा, एक विचारू?

रेतेनो : विचार.

ओनोरीन : तान्ह्याला उचलायचं नाही. त्याच्या घरात जायचं नाही. एवढंच सांगितलंय ना?

रेतेनो : एवढंच.

ओनोरीन : आणि मूल रांगायला लागलं, आणि ते आपणहून माझ्याकडं आलं तर? मी हात पुढं केला नाही. नुसती अंगणात बसले होते. तेच येऊन मांडीवर चढलं.

रेतेनो : थांब, आठवू दे. आईनं सांगितलेलं सगळं मला पाठ आहे… नाही. त्याबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

ओनोरीन : म्हणजे चालतं.

रेतेनो : म्हणजे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

ओनोरीन : जोसियान आठव्या महिन्यात रांगली होती. हीही तेव्हाच रांगेल. एप्रिल-मेमध्ये. मला तिच्या घरात जाता येत नाही, पण तिला माझ्या अंगणात यायला कोणाची ना आहे? जोसियान घेऊन येईल. येईल ना, वन्सं? तुम्ही सांगून बघा तिला.

क्लोतिल्द : सांगते. पाया पडून सांगते.

ओनोरीन : मामा, एप्रिलात पाणी कितीवर असतं?

रेतेनो : नऊ. मेच्या सुरुवातीला साडेनऊ.

ओनोरीन : नऊवर होडी येते ना?

रेतेनो : येते की. ओंडके तेवढे वाहत असतात.