दुसरी पायरी

(नेसरी गाव. घरातल्या पूर्णिमाचा साखरपुडा उरकलाय. कार्यालयाच्या पाच पायऱ्या, समोर पाटीलकीच्या थाटात उभी संयोगिता. चुलतभाऊ ऋतुराज फोटोसाठी मोबाईल लावतोय, आजोबा, म्हणजे आबा, अजून पायरीखालीच.)

संयोगिता : जेवण नंतर, आबा! आधी फोटो. पंधराच्या खालचे तळाला, तिशीच्या आतले दुसऱ्या पायरीवर, मग पंचेचाळीसच्या आतले, मग साठच्या, आणि साठीपुढचे सगळ्यात वर. आत्ताच सांगतो, कुणी वय चोरायचं नाही! मनालीकाकू, तिसरी पायरी, तिसरी!

ऋतुराज : ‘सांगतो’ काय, ‘सांगते’ म्हण की. दहावीला गेलीस.

संयोगिता : दोन वर्षं पुण्यात राहून मला मराठी शिकवतोस व्हय, दादा? कोल्हापूरच्या पोरी ‘सांगतो’च म्हणतात.

आबा : आगं पण ह्यो खेळ कशापायी? साखरपुडा पूर्णिमाचा, अन् पळापळ तुझी.

संयोगिता : खेळ नाही, आबा. सोमवारी शाळेत प्रदर्शन हाय. कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या समद्या पोरी लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे कुठल्या वयाची किती माणसं ते दाखवणारा, थर्माकोलचा करणार. मी माणसांचा करणार! आपल्याच माणसांचा. सगळी परत कधी एका जागी घावणार? दादाची तर पाचची गाडी हाय.

ऋतुराज : मोजलं मी. तळाला तीन, तुला धरून. दुसरीवर आम्ही सतरा...

संयोगिता : मला तळाला कशाला धरलंस? मंगळवारी पंधरा पूर्ण झाली मला! दुसरीवर अठरा. अठरावी मी.

आबा : गप खाली हुभी ऱ्हा. तू वर चढलीस की तळाला दोनच ऱ्हात्यात. पायरी कशी उघडी पडतीया बघ.

संयोगिता : तेच तर दाखवायचंय! हा बघा तुमच्या लग्नाचा फोटो, भिंतीवरनं फ्रेमसकट काढून आणलाय. पुढं मातीत बसलेली पोरं किती? सव्वीस!

आबा : सत्तावीस. त्यो कडंला कोपर दिसतोय न्हवं, त्यो आमचा धाकला भाऊ बाळासो. पोरं मावंनात, म्हणून फोटोवाल्यानं कापला त्येला. अजून रागात हाय.

ऋतुराज : बाळासोआजोबा ऐकतायत हं. आजोबा, आज पूर्ण येणार तुम्ही!

संयोगिता : तेव्हा घरटी सहा-सात पोरं असायची, आबा.

आबा : त्यातली दोन गोवरानं, जुलाबानं जायची. आमची बी गेली.

संयोगिता : ...हो. पण मग पोरं जगायला लागली. तीच मोठी होऊन आईबाप झाली. आईबापच एवढे, म्हणून घरटी दोन असूनही आमची पायरी गच्च! आता घरटी एक, म्हणून तळ रिकामा. सगळ्या देशाचं असंच चाललंय. एवढी तरुण माणसं एका वेळी पूर्वी कधी नव्हती, आणि पुढं कदाचित नसतीलही. नाद खुळा! आणि नेमकं त्यात मी नको?

ऋतुराज : तुला मजा वाटतीय. नोकरीच्या चाळीस जागांना चार हजार पोरं रांगेत असतात, मी उभा राहून आलोय. ये वर, अजून एकीनं काय फरक पडतोय.

संयोगिता : पडतो! मला पडतो.

आबा : अन् तुमच्या खाली कोण?

ऋतुराज : ते नंतर बघू. आधी तुम्ही वर चला, आबा. पाचवी पायरी.

आबा : आरं लेका, हे गुडघं बघ. मला न्हाय चढाय यायचं. बाळासोला बी न्हाय.

संयोगिता : अय्यो! साठीपुढचे नऊजण, आणि सगळ्यात उंच पायरी मी त्यांनाच दिली!

ऋतुराज : पडला तुझा मनोरा. बक्षीस गेलं.

आबा : पडतोय कशाला? ए बाळासो, ये हिकडं. सोनूबाई, तूबी ये, तुझीबी साठी झालीया. आमी साठीपुढची समदी तळालाच बसतो, ही दोन बारकी मांडीवर घिऊन. भरली का न्हाय पायरी?

संयोगिता : भरली, पण आबा, सगळं उलटं झालं की! तुम्ही तळाला म्हणजे आमचं सगळ्यांचं वजन तुमच्यावर.

आबा : आजच्यापुरतं ऱ्हाऊ दे. उद्यापास्नं आमचं तुमच्यावर हायच. चढ वर.