जानेवारीतली वाघीण

हसू नका, पण माझं जमत आलेलं लग्न एका वाघाने मोडलं. सिंगापुरात, क्लेमेंटीत मी एका चिनी आंटीकडे खोली घेऊन राहायचे. तिचा भाचा वेई मला आवडायचा, आणि त्याला मी. आंटीला लग्नं जुळवायची भारी हौस. तिने रीतसर आमच्या बाजूचं मोठं माणूस गाठलं, म्हणजे टॅम्पिनीसच्या जोशीकाकू. त्याही मराठी मंडळींची लग्नं जुळवायच्या.

आंटीने माझं जन्मसाल विचारलं. काकू म्हणाल्या, "शहाऐंशी."

चिनी पंचांगात ते वाघाचं वर्ष. वाघीण सून नको म्हणून वेईच्या आईने नकार दिला. वेईने आईचं ऐकलं आणि वर्षभरात दुसरीशी लग्न करून मोकळा झाला.

पुढे खोलीचा करार वाढवताना आंटीने माझा पासपोर्ट पाहिला. "जानेवारी? त्या साली आमचं नवं वर्ष फेब्रुवारीत लागलं. तू वाघ नाहीसच. तू बैल."

मी काकूंना फोन केला. "महिना का नाही सांगितलात?"

"मुद्दामच. वीस वर्षं इथे काढलीत, त्यांचं सगळं कळतं मला. तुझ्यासाठी माझ्याकडे चांगला मुलगा होता, अगदी पुण्याचा."

"मग त्याचं काय झालं?"

"त्यांना तुझा मंगळ चालला नाही गं."