पाचवं शील

तानाबाई : असा पाठ करून काऊन बसला बे? मांडवात सारे येऊन बसले. वंदना कोण घेते म्हणून विचारून राह्यले. मी सांगतलं, माहा प्रेमानंद घेते.

प्रेमानंद : मला न विचारताच सांगितलं?

तानाबाई : विचारायचं काय त्यात? तुह्या बाबाची जागा हाय थे. त्याईच्याच पुण्यानुमोदनात, त्याईच्या आठवणीच्या वंदनेले, दुसरा बसन काय तेथी?

प्रेमानंद : धम्मरत्नकाका घेतील. त्यांना सगळं पाठ आहे.

तानाबाई : तुले नाही काय पाठ? एवढासा होता तवा सारं विहार तुह्या मागं म्हणे.

प्रेमानंद : चार शीलं म्हणतो, माय. पाचव्याला जीभ उचलत नाही.

तानाबाई : पाचवंच तं आयकायचं हाय मले. नशापाण्याले हात लावणार नाही, असं साऱ्या गावासमोर म्हण एकडाव. मंग पाह्यते कोण तुले गर्दुल्ला म्हणते तं.

प्रेमानंद : अन पुन्हा घेतली तर?

तानाबाई : काऊन घेशीन? बुलढाण्याहून निंगताना डॉक्टर म्हणे ना, पोरगं सुटलं म्हणून.

प्रेमानंद : तसं नाही म्हणाले ते. सांभाळा म्हणाले. सुटलं, हे तुझ्या मनाचं.

तानाबाई : बरं, माह्या मनाचं. मायनं मनात तेवढंबी धरू नये काय?

प्रेमानंद : माय, देवानंद गेला.

तानाबाई : कोणता देवानंद?

प्रेमानंद : संग्रामपूरचा. बुलढाण्याला व्यसनमुक्ती केंद्रात माझ्या बाजूच्या खाटेवर होता. तू डबा आणला की तुझी शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायचा.

तानाबाई : तो हासरा पोट्टा? त्यानं तं मोबाइलचं दुकान टाकलं म्हणे तू. लग्न जुळेल होतं त्याचं.

प्रेमानंद : हो. मित्राच्या हळदीला गेला, तिथं जुनी संगत भेटली. एकदाच म्हणून पावडर घेतली. पहिले घ्यायचा तेवढीच घेतली, अन अंगाची सवय तर मोडलेली. तिथंच पडला. काल त्याच्या बहिणीचा फोन आला.

तानाबाई : म्हणून काल भाकर टाकून उठला तू. अन मी तुह्यावरच खेकसली.

प्रेमानंद : तो माझ्यापेक्षा पक्का होता, माय. माझे हातपाय ओढायचे, उलट्या थांबत नव्हत्या, तेव्हा माझे पाय दाबत बसायचा. म्हणायचा, निघतो बे माणूस यातून, मी निघालो ना. अन तोच गेला. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू?

तानाबाई : माय हाय काय त्याची?

प्रेमानंद : आहे.

तानाबाई : काय करत असन थे आता.

प्रेमानंद : तू पण घाबरतेच ना? मी आलो त्या दिवसापासून घरातली माचिस गायब. चहाच्या पुड्यातली चमकती पन्नी तू जाळून टाकते, मी तिच्यावर पावडर ठेवून ओढीन म्हणून. कळते मला. मी बोललो नाही कधी.

तानाबाई : तुह्या खोलीत थे जळेल पन्नी मीच उचलत होती ना, बाबू. भरोसा हाय मले तुह्यावर. पण भेव बी हाय. तुही नशा सुटन एखाद्या टायमाले, माहं भेव नाही सुटत.

प्रेमानंद : म्हणूनच म्हणतो, काकांना बसव.

तानाबाई : आयक. तुह्या बाबानं जन्मात इडी-दारूले हात लावला नाही. तरी रोज सकाळी पाचही शीलं म्हणत. मी एक दिवस म्हटलं, एकदा घेतलं ना, मंग रोज काऊन? तं म्हणे, काल घेतलं थे कालचं होतं.

प्रेमानंद : बाबा असं म्हणाले?

तानाबाई : हाव. तवा मले त्याईचं हासू आलं होतं.

प्रेमानंद : म्हणजे आजच्यापुरतं म्हणू?

तानाबाई : आजचंच म्हण. गावाले आयकवायचं बी राहू दे आता. जन्माचं मी मांगत नाही तुले.

प्रेमानंद : मधातच आवाज बसला तर?

तानाबाई : मी मागंच बसते. तू थांबला तं मी म्हणीन. ऊठ, पहिले बाबाच्या फोटोपुढं मेणबत्ती लाव.

प्रेमानंद : कशानं लावू?

तानाबाई : थांब. पदराची गाठ सोडू दे. लयच घट्ट बसली मेली. हां, घे.

प्रेमानंद : माचिस पदरालाच बांधून फिरत होती तू?

तानाबाई : हाव. तू आला तवापासून.

प्रेमानंद : माय, देवानंदच्या नावानं एक लावू काय?

तानाबाई : लाव. बाबाच्या बाजूलेच लाव.

प्रेमानंद : लागल्या दोन्ही. ही माचिस घे.

तानाबाई : राहू दे तुह्या खिशात. मी नाही मांगत वापस.

प्रेमानंद : नको, माय. पदरालाच बांध.

तानाबाई : अन उद्याची मेणबत्ती?

प्रेमानंद : उद्या पुन्हा मागीन.